जुन्या बाजाराची नवी बखर

दिवाळीला पंधरा-वीस दिवस उरले, की आमच्या गल्लीत बोहारणीची हाक ऐकू येत असे. डोक्यावर पाटी, पाटीत चकचकीत पातेली, डबे, तांबे, आणि काखेला जुन्या कपड्यांचे भलेमोठे बोचके, अशी ती पडवीच्या पायरीवर येऊन टेकली, म्हणजे निदान तासभर उठणार नाही हे सर्वांना ठाऊक असे. माळ्यावरची ट्रंक आधीच खाली आलेली असायची. वडिलांचे विटलेले सदरे, आमच्या आखूड झालेल्या विजारी, आईच्या विरलेल्या साड्या तिच्यापुढे टाकल्या जात. ती प्रत्येक कपडा उजेडाकडे धरून पाही, शिवणीवरून बोट फिरवी, नाक मुरडी आणि बाजूला ठेवी. आईही काही कमी नव्हती. ती पातेल्यात तांब्याभर पाणी ओतून ठेवी आणि बूड पाझरते की काय हे पाहत पाहतच बोलणे चालू ठेवी. ‘एवढ्यावर पातेलं नाही व्हायचं वहिनी, आणखी एक पँट टाका,’ ‘पँट कसली टाका, या साडीला नुसता पिको करून बघ,’ अशी जुगलबंदी रंगे. मध्येच चहा होई. आणि एवढ्या साऱ्या गडबडीतही बोहारणीची नजर ट्रंकेच्या तळाशी असलेल्या आजीच्या जरीकाठी लुगड्याकडे जाई. त्या लुगड्यावर एका वर्षी तिने मोठी परात देऊ केली होती. आईने काही न बोलता ट्रंकेचे झाकण लावले.

हे सारे आताच आठवावयाचे कारण असे, की २०२४च्या श्रावणात मी स्वतः एक जुनी वस्तू विकावयास काढली. ती बोहारणीकडे नव्हे, तर मोबाइलवरच्या बाजारात. वस्तू होती वडिलांची पेटी. त्या व्यवहारात माझी जी शोभा झाली ती पुढे ओघाने येईलच. पण त्या शोभेपायीच मी या नव्या बाजारांचा इतिहास धुंडाळू लागलो. एकमेकांचे तोंडही न पाहिलेली कोट्यवधी माणसे एकमेकांना जुनी खुर्ची, जुना कॅमेरा, जुना पाळणा विकतात, हे मुळात जमले कसे? शोधू लागलो आणि असे दिसून आले, की ही गोष्ट यंत्रांची जेवढी आहे, त्याहून कितीतरी अधिक अनोळखी माणसावर विश्वास कसा ठेवावा या जुन्यापुराण्या प्रश्नाची आहे.

प्रश्न किती जुना? आपल्याकडे कौटिल्याने तो हाताळलेला आहे. ‘अर्थशास्त्रा’ची पोथी १९०५ साली म्हैसूरला शामशास्त्रींच्या हाती आली आणि १९०९ साली छापली गेली. त्या ग्रंथात बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थाध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याची कामे सांगितली आहेत, आणि त्यातले पहिलेच काम जुन्या मालाविषयी आहे. विकणाऱ्याने वस्तू आपल्याच मालकीची असल्याचे सिद्ध केले, तरच जुन्या वस्तूची विक्री किंवा गहाणवट होऊ द्यावी, असा त्याचा दंडक. वजनेमापे त्याच्या नंतर येतात. नव्या मालाचा व्यापारी दुकान मांडून बसलेला असतो, तो उद्याही तेथेच सापडतो. जुना माल मात्र कोणाच्याही हातात असू शकतो. म्हणून तेथे दोन शंका एकदम उभ्या राहतात: वस्तू धड आहे काय, आणि ती त्याची आहे काय? मुंबईच्या चोरबाजाराचे मूळ नाव ‘शोरबाजार’ होते असे कितीही सांगितले, तरी लोकांनी ‘चोर’च पसंत केला, यात ही दुसरी शंकाच बोलते आहे. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मी तरुणपणी पुष्कळ हिंडलो आहे. तेथे घड्याळ घेणारा माणूस आधी घड्याळ कानाला लावतो आणि मग विकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो.

वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिरातींनी ही गाठभेट थोडी लांबवली, पण मोडली नाही. ‘विकणे आहे’ या दोन शब्दांखाली शब्दागणिक पैसे मोजून माणसे आपला संसार मांडत. पत्ता असे, वेळ असे, आणि शेवटी जिना चढून त्या घरी जावेच लागे.

यंत्राने हे काम करण्याचा एक फार लवकरचा प्रयत्न अमेरिकेतल्या बर्कली गावी झाला, १९७३च्या ऑगस्टात. लिओपोल्ड्स रेकॉर्ड्स नावाच्या ग्रामोफोनच्या तबकड्यांच्या दुकानात, जिन्याजवळच्या भिंतीवर लोक चिठ्ठ्या डकवीत असत, तेथेच काही ध्येयवादी तरुणांनी टेलिप्रिंटरसारखे एक यंत्र आणून ठेवले. ते टेलिफोनच्या तारेने सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका मोठ्या संगणकाला जोडलेले होते. कोणीही यावे, आपली चिठ्ठी टंकून ठेवावी, दुसऱ्याची शोधावी. योजनेचे नाव कम्युनिटी मेमरी, म्हणजे गावाची आठवण. करणाऱ्यांना वाटले होते, लोक राजकारणावर बोलतील. लोकांनी वादक शोधले, गाडीत जागा मागितली, चांगला पाव कोठे मिळतो ते विचारले आणि जुन्या वस्तू विकावयास काढल्या. यंत्र नवे असो की जुने, त्यावर माणूस आधी आपली अडगळच आणून टाकतो.

खरा बाजार भरला तो बावीस वर्षांनी. पिअर ओमिड्यार हा पॅरिसमध्ये जन्मलेला, इराणी आईबापांचा मुलगा कॅलिफोर्नियात संगणकाचे काम करीत होता. १९९५च्या सप्टेंबरात, कामगार दिनाच्या सुटीत, त्याने आपल्या वैयक्तिक संकेतस्थळाच्या एका कोपऱ्यात लिलावाचे पान उघडले. त्याच स्थळावर दुसरीकडे एबोला रोगाची माहिती होती; अशा शेजारात जगातल्या एका मोठ्या बाजाराचा जन्म झाला. त्याने स्वतःच विकलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर. चौदा डॉलर आणि त्र्याऐंशी सेंटांना तो गेला. ओमिड्यारने चकित होऊन घेणाऱ्याला विचारले, ‘अहो, हा मोडलेला आहे हे वाचलेत ना?’ त्यावर उत्तर आले, की आपण मोडके लेझर पॉइंटरच जमवतो!

पुढे हीच कंपनी ‘ईबे’ या नावाने प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्या जन्माची एक वेगळीच कथा सांगितली जाऊ लागली. ओमिड्यारच्या वाग्दत्त वधूला पेझ नावाच्या गोळ्यांच्या खेळकर डब्या जमवण्याचा नाद होता आणि तिच्या हौसेखातर त्याने हा बाजार मांडला, अशी ती कथा. वर्तमानपत्रांनी ती आनंदाने छापली. ती कंपनीच्या प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या बाईंनी १९९७ साली रचली होती, हे २००२ साली एका पुस्तकातून बाहेर आले. कादंबरीकार म्हणून मला त्या बाईंचे कौतुकच वाटते. पण मोडका पॉइंटर जमवणारा माणूस कोणाला रचता आला नसता.

लिलावाची रीत आपल्याला नवी नाही. ‘एक वार, दोन वार, तीन वार’ हे आपण मंडईतही ऐकतो. ईबेवर हे वार काही दिवस चालत, आणि घेणारे शेवटच्या काही सेकंदांसाठी दबा धरून बसत. नव्या गोष्टीची मेख वेगळीच होती. पैसे आधी पाठवायचे, वस्तू मागाहून टपालाने येणार, आणि मधे हजारो मैल. उजेडाकडे धरून पाहायला कपडा नाही, पाणी ओतून पाहायला पातेले नाही.

अर्थशास्त्राच्या पंडितांना विचारले असते, तर त्यांनी हा बाजार चालणार नाही असे सांगितले असते, आणि तसे सांगायला त्यांच्याजवळ आधारही होता. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन प्राध्यापकाने १९७० साली जुन्या मोटारींवर एक निबंध छापला. गाडीतली खोड विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरसकट मध्यम भाव सांगतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, तो घरी बसतो. बाजारात उरतात खटारे. मग भाव आणखी उतरतो, आणखी चांगल्या गाड्या बाहेर पडतात, असे होत होत बाजारच नासतो. इतकी सोपी गोष्ट, पण तीन नियतकालिकांनी तो निबंध परत पाठवला होता! (साभार परत आलेल्या लिखाणाचा ज्यांना अनुभव आहे, त्यांनी हे अवश्य लक्षात ठेवावे.) त्याच निबंधातल्या कामासाठी ॲकरलॉफना २००१ साली नोबेल पारितोषिक दोघा सहकाऱ्यांबरोबर विभागून मिळाले.

ओमिड्यारपुढे ही नासाडी सुरू व्हायला फार वेळ लागला नाही. भांडणांची पत्रे त्याच्याकडे येऊ लागली. दिवसा नोकरी, रात्री पंचाईत. १९९६च्या फेब्रुवारीत त्याने एक युक्ती काढली. व्यवहार झाला, की दोघांनी एकमेकांविषयी चारचौघांत लिहावे. चांगले असेल तर एक गुण अधिक, वाईट असेल तर एक उणे, मधले असेल तर शून्य. बेरीज उणे चारवर गेली, की त्या माणसाला बाजार बंद. आपल्या पत्रात त्याने लोकांना सांगितले, की माणसे बहुतेक चांगली असतात, थोडी लबाड असतात. स्तुतीही उघड करा, तक्रारही उघड करा. गावात जे काम पारावरच्या गप्पा करतात, ते त्याने आकड्यांवर सोपवले. आज जेवणावळीपासून डॉक्टरापर्यंत सर्वांना आपण जे तारे वाटतो, त्या प्रथेच्या मुळाशी हा तंटा मिटवण्याचा कंटाळा आहे.

हा आकडा किती मोलाचा ठरला याचा एक सुंदर प्रयोग झालेला आहे. पॉल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईबेवरच्या जुन्या पोस्टकार्डांच्या एका नामांकित विक्रेत्याला हाताशी धरले. एकाच जातीची पोस्टकार्डे त्याने काही आपल्या नावाने विकली आणि काही अगदी नवख्या, कोरी पाटी असलेल्या नावांनी. माल तोच, विकणारा तोच. पण जुन्या नावाला घेणारे सुमारे आठ टक्के अधिक द्यायला तयार झाले. सचोटीची किंमत टक्केवारीत मोजलेली मी प्रथमच पाहिली.

पण या पारावरही संकोच शिरला. रेझनिक यांनीच आणखी एका अभ्यासात दाखवले, की घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे काही लिहीतच नाहीत, आणि जे लिहितात त्यांच्यापैकी शंभरात नव्व्याण्णव चांगलेच लिहितात. जगात एवढा सद्गुण कोठून आला? कारण सोपे होते. मी तुला वाईट म्हटले तर तूही मला म्हणशील. विकणारा आपले मत राखून ठेवी, घेणारा काय लिहितो ते पाही, आणि मग परतफेड करी. लग्नातल्या आहेराच्या वहीसारखाच हा हिशेब: तेरी भी चूप, मेरी भी चूप. शेवटी २००८ साली ईबेने विकणाऱ्यांचा वाईट मत देण्याचा हक्कच काढून घेतला. विक्रेते खवळले. आमचे तोंड बांधले, आता कोणीही ऐरागैरा आम्हाला छळील, असे त्यांचे म्हणणे, आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही.

ओमिड्यार लिलाव मांडत होता त्याच वर्षी, त्याच प्रांतात, क्रेग न्यूमार्क नावाचा एक गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोतल्या मित्रांना कार्यक्रमांची यादी ई-मेलने पाठवू लागला होता. यादीत नोकऱ्या शिरल्या, खोल्या शिरल्या, मग सोफे आणि सायकली. तिचीच ‘क्रेग्जलिस्ट’ झाली. या बाजाराने गुणांची वही ठेवलीच नाही. पैसे मध्ये घेतले नाहीत, टपालाच्या फंदात पडला नाही. त्याचा सल्ला एकच: आपल्याच गावात व्यवहार करा, समक्ष भेटा, वस्तू पाहा, पैसे द्या. म्हणजे यंत्राचा उपयोग फक्त हाक मारण्यापुरता. पुढचे पायरीवर बसून. पान दिसायला अगदी ओबडधोबड, आणि ते तसेच राहिले. नोकऱ्या, भाड्याची घरे अशा थोड्या जाहिरातींना पैसे, बाकीचे बहुतेक फुकट. या फुकटाची किंमत वर्तमानपत्रांनी मोजली. दोन अभ्यासकांच्या हिशेबाप्रमाणे २००० ते २००७ या काळात क्रेग्जलिस्टमुळे अमेरिकेत छोट्या जाहिराती देणाऱ्यांचे पाच अब्ज डॉलर वाचले. ज्यांचे वाचले त्यांना आनंद झाला, पण तो पैसा वार्ताहरांच्या पगारातून गेला होता. दिवाळी अंकात लिहिणाऱ्याला जाहिरातींचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ईबेने २००४ साली क्रेग्जलिस्टचा चौथा हिस्सा घेतला, पुढे स्वतःचाच तसला बाजार काढला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि २०१५ साली क्रेग्जलिस्टने आपला हिस्सा परत विकत घेतला. दोन स्वभावांचे लग्न टिकले नाही.

पूर्वेकडे ईबेची डाळ शिजली नाही, आणि त्याची कारणे फार बोलकी आहेत. जपानमध्ये ती २०००मध्ये गेली आणि २००२मध्ये परतली. याहूने तेथे आधीच आणि फुकट लिलाव मांडलेला होता. चीनमध्ये तिने ईचनेट नावाची चालती कंपनी घेतली. समोर २००३ साली अलीबाबाने ताओबाओ उभे केले. ताओबाओने विकणाऱ्याकडून काही घेतले नाही. पण त्याने केलेल्या दोन गोष्टी मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. घेणाऱ्या-विकणाऱ्याला थेट गप्पा मारता येतील अशी सोय त्याने दिली. ईबेला अशी ओळख नकोच असे, कारण दोघे भेटले की दलाली चुकवतात. चिनी गिऱ्हाइकाला मात्र घासाघीस केल्यावाचून घेतल्यासारखेच वाटत नाही. आणि दुसरी गोष्ट अलीपे: घेणाऱ्याचे पैसे मधल्या तिजोरीत थांबायचे, वस्तू मिळाल्याचे त्याने सांगितले, की विकणाऱ्याला पोचायचे. २००६च्या अखेरीस ईबेने चीनमधला आपला तंबू हलवला.

जपानात याच तिजोरीच्या पायावर २०१३ साली शिंतारो यामादा यांनी ‘मर्कारी’ काढली. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ व्यापार करणे. पैसे कंपनीकडे थांबतात, दोघांनी एकमेकांना गुण दिले की सुटतात, आणि कंपनी दहा टक्के ठेवून घेते. पुढे तर पाठवणाऱ्याला घेणाऱ्याचे नाव-पत्ताही कळू नये अशी टपालाची सोय झाली. म्हणजे टोकियोतल्या कोणा बाईने आपला कोट विकला, तर तो कोणी घेतला हे तिला कधीच कळणार नाही! लिथुएनियातल्या विल्निअस गावी २००८ साली निघालेल्या ‘विंटेड’ची सुरुवात अशीच कपड्यांतून झाली. मिल्डा मित्कुते या तरुणीला घर बदलायचे होते आणि कपडे फार झाले होते. आज तिच्या बाजारात विकणाऱ्याला काही द्यावे लागत नाही. राखणीचे पैसे घेणारा भरतो.

आता आपल्याकडे येऊ. अवनीश बजाज आणि सुवीर सुजान या दोघा हार्वर्डच्या सहाध्यायांनी २००० साली मुंबईत ‘बाझी’ काढली. चार वर्षांत, २००४ साली, ईबेने ती सुमारे पाच कोटी डॉलरांना घेतली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बजाज यांना दिल्लीत अटक झाली. कोणा विद्यार्थ्याने या बाजारात एक अश्लील चित्रफीत विकायला मांडली होती. पालाखाली बसलेल्याने चोरीचा माल विकला, तर मैदानाच्या मालकाला धरावे काय, असा हा प्रश्न. कौटिल्याच्या संस्थाध्यक्षालाही तो सुटला नसता. त्यानंतर माहिती तंत्रज्ञानाचा कायदा २००८ साली सुधारला गेला. इतरांच्या मजकुराबद्दल मध्यस्थाला, त्याने वाजवी काळजी घेतली असेल तर, संरक्षण मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बजाज यांच्यावरचा खटला रद्द केला. ईबेचे भारतातले दुकान २०१७ साली फ्लिपकार्टकडे गेले आणि २०१८च्या ऑगस्टात बंद झाले.

आपल्या मध्यमवर्गाला जुने विकायला शिकवले ते ईबेने नव्हे. २००८ साली प्रणय चुलेत यांची ‘क्विकर’ आली. त्याच्या दोन वर्षे आधी फाब्रिस ग्रिंडा आणि आलेक ऑक्सनफर्ड या फ्रेंच-अर्जेंटिनी जोडीने परदेशात काढलेली ‘ओएलएक्स’ही इकडे पोचली, आणि दूरदर्शन संचावर ‘बेच दे’ची दवंडी पिटू लागली. त्या दवंडीचे काम वाटते त्याहून अवघड होते. आपल्या घरांत वस्तू विकणे म्हणजे वाईट दिवस आले असे समजत. ‘भांडी विकायची पाळी आली’ हे आपल्या भाषेत दिवाळखोरीचे दुसरे नाव आहे. जुनी वस्तू भाचीला द्यावी, मोलकरणीला द्यावी, मोडीत घालावी, विकू नये. बोहारणीची सारी हुशारी याच ठिकाणी होती. तिच्याशी विक्री होतच नसे. पैशाला कोणी हात लावीत नसे. कपडे जात, पातेले येई, आणि घराण्याची अब्रू शाबूत राही. मोबाइलवरच्या बाजाराने तीच अब्रू दुसऱ्या तऱ्हेने राखली. विकणारा शेजाऱ्याला दिसेनासा झाला.

या भारतीय बाजारांनी रीत घेतली ती क्रेगची. तिजोरी नाही, टपाल नाही. फोनवर बोला, भेटा, बघा. २०१६ साली निघालेला फेसबुकचा बाजार २०१७ साली मुंबईत चाचणीसाठी आला. त्यात विकणाऱ्याचे नाव आणि चेहरा दिसतो, कधी आपला एखादा मित्र त्याचाही मित्र निघतो. ओळखीतून खरेदी करायची आपली जुनी सवय त्याने बरोबर हेरली. (युरोपीय आयोगाने २०२४ साली फेसबुकला जवळजवळ ऐंशी कोटी युरोंचा दंड ठोठावला तो याच कारणाने, की हा बाजार त्याने ओळखीच्या जाळ्याला जखडून इतरांची वाट अडवली.) ओएलएक्सचा भारतातला व्यवसाय २०२३ साली कारट्रेड या मुंबईच्या कंपनीने घेतला. ज्या निबंधाने जुन्या बाजाराचे भवितव्य काळे रंगवले होते तो मोटारींवरचा होता, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

आता माझी पेटी. वडील भजनी मंडळात ती पेटी वाजवीत. ते गेले, घर लहान झाले, आणि आईच म्हणाली, ‘कोणीतरी वाजवणारा घेऊ दे.’ मी चार फोटो काढले, बारा हजार रुपये लिहिले आणि पेटी अशाच एका बाजारात मांडली. बाजाराचे नाव सांगत नाही; दोष त्याचा होता असेही मला म्हणता येत नाही. तासाभरात फोन आला. गृहस्थ म्हणाले, मी लष्करात आहे, बदली होऊन तुमच्या बाजूला येतो आहे, मुलाला पेटी शिकायची आहे. बारा हजार कबूल. पेटी पाहायची सुद्धा नाही! पैसे आताच पाठवतो, तुमच्या मोबाइलवर येईल त्याला ‘मान्य’ म्हणा आणि पिन टाका. मी शाळेत मुलांना सरळव्याज आणि चक्रवाढव्याज शिकवतो. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, देण्यासाठी लागतो, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण लष्करातला माणूस, मुलाचे शिक्षण, आणि भावात एक शब्दाची खळखळ नाही. मी पिन टाकला. सहा हजार गेले. तक्रार नोंदवली, पैसे गेले ते गेलेच. व्यक्तींनी एकमेकांकडे अशी पैशाची मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५पासून देशभर बंद करण्यात आली, हे मी वर्तमानपत्रात दोनदा वाचले.

आई रागावली नाही. तिने एवढेच विचारले, ‘त्यानं घासाघीस केली नाही?’ नाही म्हटल्यावर ती म्हणाली, ‘मग तेव्हाच कळायला हवं होतं तुला.’

तिच्या त्या वाक्याने मला ओमिड्यार, यामादा आणि बोहारीण एका ओळीत दिसू लागले. घासाघीस हा भावाचा खेळ आहे असे आपण समजतो. पण त्या तासाभरात बोहारीण आईला जोखीत असे आणि आई बोहारणीला. पातेल्याच्या बुडाबरोबर माणसाचेही बूड पाहिले जात असे. ईबेने तो तास काढून टाकला आणि त्याच्या जागी गुणांची वही ठेवली. मर्कारीने त्याच्या जागी तिजोरी ठेवली, फेसबुकने चेहरा ठेवला, ताओबाओने तास परत आणला. क्रेगने तो काढलाच नव्हता. मला स्वतःला क्रेगची रीत अधिक भावते. मात्र रत्नागिरीच्या माणसाला नागपूरची पेटी हवी असेल तर तिचा काही उपयोग नाही, आणि एकट्या राहणाऱ्या बाईने अनोळखी माणसाला घरी बोलवावे असेही मी म्हणणार नाही. तिजोरीची रीत तेथे शहाणी. पण मग तिला दहा टक्के मोजा, आणि आपला कोट कोण घालतो हे विचारू नका.

दोन महिन्यांनी पेटी पुन्हा मांडली. या खेपेला जाहिरातीत लिहिले: घरी येऊन वाजवून पाहावी. जवळच्याच एका खेड्यातले कीर्तनकार मुलाला घेऊन एस.टी.ने आले. पडवीत बसले. मुलाने भाता हलवला, कीर्तनकारांनी एकेका पट्टीवरून बोट फिरवले आणि वरच्या सप्तकातला एक सूर चिकटतो हे पाच मिनिटांत काढले. मग म्हणाले, ‘पेटी कोणाची?’ मी वडिलांचे नाव सांगितले. त्यांनी एका सप्ताहात वडिलांना ऐकले होते. त्याने भाव वाढला नाही हेही सांगितले पाहिजे. उलट चिकट्या सुरापायी त्यांनी आठ हजारांपासून सुरुवात केली. सव्वा तास गेला, दोनदा चहा झाला, साडेनऊला तुटले. सात हजार रोख, अडीच मोबाइलवर. पिन त्यांनी टाकला.

पेटीला खोके नव्हते. एस.टी.त धक्के बसतील म्हणून मी जुनी चादर शोधू लागलो, तोवर आई आत जाऊन ट्रंक उघडून आली. तिच्या हातात आजीचे जरीकाठी लुगडे होते. तिने ते पेटीला दोन फेर गुंडाळले, वर सुतळी बांधली, आणि मुलाला म्हणाली, ‘लुगडं परत नको आणायला.’